हरित रसायनशास्त्र शिकवलं, पण लेकरांमध्ये उतरलं की नाही हे ओळखायचं कसं?

प्रश्न : रसायनशास्त्र शिक्षिका, परभणी जिल्हा

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते, हे पंधरावं वर्ष. दुसऱ्या वर्षाला यंदा ३४ जण आहेत. बहुतेक शेतकऱ्यांची लेकरं, निम्मी रोज एस.टी.नं येऊन-जाऊन करणारी.

यंदा मी ऑरगॅनिकची (सेंद्रिय रसायनशास्त्राची) काही प्रात्यक्षिकं बदलून हरित पद्धतीची, म्हणजे घातक रसायनं आणि कचरा मुळातच कमी करणारी केली. पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइड आम्ही इतकी वर्षं ब्रोमीननं करत आलो. ती लालसर वाफ, डोळ्यांची आग, त्यात वाफ ओढून घेणाऱ्या हूडचा पंखा कधी चालू कधी बंद. एका वर्षी एका मुलाच्या बोटावर ब्रोमीनचा थेंब पडला. भाजल्याची ती खूण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं हरित प्रयोगांची पुस्तिका काढलेली आहे. तिच्यातली पद्धत घेतली : पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट, पाणी आणि अल्कोहोल, तेही न तापवता. पांढरे शुभ्र स्फटिक मिळाले. वर्गात सगळ्यांचे चेहरे उजळले, माझाही.

प्रयोगांच्या जोडीला शिकवणं झालंच. अनास्तास आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेली बारा तत्त्वं, ट्रॉस्ट यांची ॲटम इकॉनॉमी (मूळ पदार्थांच्या वजनातला किती भाग हव्या त्या पदार्थात उतरतो), शेल्डन यांचा ई-फॅक्टर (एक किलो पदार्थामागं किती किलो कचरा होतो). गणितं सोडवून घेतली.

अडलंय ते यापुढं. सत्राच्या सुरुवातीला मी १५ विधानांची प्रश्नावली भरून घेतली होती. ‘पर्यावरणाचा विचार करून प्रयोग करावेत’, ‘घातक रसायनांचा वापर कमी व्हावा’ अशी विधानं आणि ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच पर्याय. सत्र संपताना तीच पुन्हा दिली. दोन्ही वेळा जवळपास सगळ्यांनी सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’. म्हणजे चार महिन्यांत फरक शून्य? की आधीपासूनच सगळे पर्यावरणाचे कैवारी होते?

लेखी परीक्षेत ‘हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे लिहा’ हा प्रश्न टाकला. बाराच्या बारा, क्रमानं, पुस्तकातल्या शब्दांत आली. त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाला मी दाराशी उभी होते. ज्या मुलाला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी होते, त्यानं गाळून उरलेलं सगळं द्रव सरळ बेसिनमध्ये ओतलं आणि नळ मोठा सोडला. माझ्याकडं बघून हसलाही. आपण काही चुकीचं करतोय असं त्याच्या मनातही नव्हतं.

त्या दिवसापासून डोक्यातून हे जाईना. मला खरंच कळून घ्यायचं आहे की लेकरं काय शिकली आणि त्यांची वृत्ती बदलली का. प्रश्नावली कशी करावी, परीक्षेत काय विचारावं, आणि वृत्तीला इंटर्नलचे गुण द्यावेत का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, लातूर

मॅडम, बेसिनपाशी जे दिसलं त्यानं तुम्ही अस्वस्थ झालात, याचं मला बरं वाटलं. बरेच जण प्रश्नावलीचा तक्ता अहवालाला जोडतात आणि फाईल मिटवतात.

तुमच्या प्रश्नावलीत फरक दिसायला जागाच ठेवलेली नव्हती. पहिल्याच दिवशी सगळे वरच्या टोकाला पोचले तर पुढं चढणार कुठं? शिवाय ही विधानं ‘आईवडिलांचा मान राखावा’ या जातीची आहेत. नाही कोण म्हणेल? त्यातून कागद वाटणाऱ्या तुम्ही, गोळा करणाऱ्या तुम्ही, आणि इंटर्नलचे गुणही तुमच्याच हातात. आपल्याकडं मूल शिक्षकाला तोंडावर ‘असहमत’ म्हणत नाही. हा त्याचा खोटेपणा नव्हे, ते त्याचं वळण आहे.

विधानांत काहीतरी मोजावं लागलं पाहिजे. ‘घातक रसायने टाळावीत’ असं न लिहिता ‘प्रयोगाला एक तास जास्त लागणार असेल तरी मी कमी घातक पद्धत निवडेन’ असं लिहा. किंवा ‘उत्पादन कमी मिळालं आणि प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये माझी टक्केवारी घसरली तरी चालेल’. इथं पेन थबकतं, आणि थबकलेल्या पेनातूनच खरं उत्तर येतं. काही विधानं उलटी घाला : ‘आपल्या कॉलेजच्या लॅबमधून जाणारं सांडपाणी इतकं थोडं असतं की त्याची काळजी करण्याचं कारण नाही’. जो न वाचता एकाच रकान्यात खुणा करत सुटतो, तो इथं सापडतो.

नाव, हजेरी क्रमांक काही नको. पण आधीचा आणि नंतरचा कागद एकाच विद्यार्थ्याचा आहे हे तर कळायला हवं. त्यासाठी मी सांकेतिक खूण वापरत असे : आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि घरच्या कुणाच्याही मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. मूल विसरत नाही, आपल्याला ओळखू येत नाही. कागद वाटायला दुसऱ्या विभागाच्या शिक्षकांना पाठवा आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा.

रसायनशास्त्र या विषयाबद्दलची वृत्ती मोजायला बाउअर यांनी २००८ मध्ये विशेषणांच्या जोड्यांची रीत मांडली. ‘सोपं – अवघड’, ‘सुखावणारं – त्रासदायक’ अशी दोन टोकं, मध्ये सात घरं, आपल्याला वाटेल तिथं खूण. त्यांच्या वीस जोड्या होत्या. शू आणि लुइस यांनी २०११ मध्ये त्या आठांवर आणल्या. विषय आपल्या आवाक्यात आहे का आणि तो मनाला भावतो का, हे दोन धागे त्यात वेगळे दिसतात. टोकांपैकी एक ‘बरोबर’ आणि दुसरं ‘चूक’ असं वाटत नसल्यानं मुलं मोकळी होतात. मात्र ते साधन विषयाबद्दलचं आहे. हरित पद्धतींबद्दलच्या जोड्या तुम्हाला स्वतःच लिहाव्या लागतील, आणि त्या मराठीत लिहा. इंग्रजी प्रश्नावलीत आपण मुलाची वृत्ती मोजत नाही, त्याचं इंग्रजी मोजतो.

३४ जणांची सरासरी काढून दशांशात फरक दाखवू नका. किती जण वर सरकले, किती खाली आले, किती जागच्या जागी राहिले, एवढं मांडा. खाली आलेल्यांकडं आधी बघा. कधीकधी विषय नीट कळल्यावर मूल जास्त शंका घ्यायला लागतं आणि आकडा घसरतो. त्याला बिघाड समजू नका.

गुणांबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्ञानाला गुण द्या, वृत्तीला देऊ नका. गुण लागले की मूल तुम्हाला आवडेल ते लिहितं आणि तुमच्या हाती तुमचाच आरसा येतो.

आणखी एक. शेल्डन यांच्या ई-फॅक्टरच्या मूळ हिशोबात पाणी धरत नाहीत. लातूरच्या माणसाच्या हे घशाखाली उतरणं अवघड आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं. ते टँकर मी स्टेशनवर जाऊन बघितले आहेत. आपल्या मुलांना ई-फॅक्टर दोनदा काढायला लावा, एकदा पाणी सोडून, एकदा धरून. दोन आकड्यांत इतकं अंतर का पडलं, हे त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या.

उत्तर : सहायक प्राध्यापक, नांदेड

वरच्या सरांशी सहमत. मी फक्त परीक्षेच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझा स्वतःचा भ्रम त्यातूनच फुटला.

‘बारा तत्त्वे लिहा’ या प्रश्नातून पाठांतर कळतं. समज बघायची तर तत्त्वं एकमेकांसमोर उभी करावी लागतात. त्यासाठी तुम्ही घेतलेला प्रयोगच फार चांगला आहे. हिशोब करून बघा.

ब्रोमीनची पद्धत (आकडे रेणुभाराचे) : मूळ पदार्थ ॲसिटॅनिलाइड १३५, ब्रोमीन १६०, मिळून २९५. हवा असलेला पदार्थ २१४. ॲटम इकॉनॉमी सुमारे ७३ टक्के.

सेरिकची पद्धत : ब्रोमाइडचं ऑक्सिडीकरण करायला दोन इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि सेरिक एका वेळी एकच घेतं, म्हणून समीकरणात त्याचे दोन मोल. एका मोलचं वजन ५४८, दोनांचे १०९६. त्यात पोटॅशियम ब्रोमाइडचे ११९ आणि ॲसिटॅनिलाइडचे १३५ मिळवले की १३५०. पदार्थ तोच, २१४. म्हणजे जेमतेम १६ टक्के!

पुस्तिकेतली ‘हरित’ पद्धत दुसऱ्या तत्त्वावर, म्हणजे ॲटम इकॉनॉमीवर, सपशेल मागं पडते. मग तिला हरित का म्हणायचं? द्रवरूप ब्रोमीन हाताळावं लागत नाही, अपघाताचा धोका टळतो, म्हणजे तिसरं आणि बारावं तत्त्व. ज्या मुलाच्या बोटावर ब्रोमीन सांडलं होतं, त्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण मग सेरियमच्या क्षारांचं पाणी जातं कुठं, हा पुढचा प्रश्न आहेच.

मी हा प्रश्न दोन पायऱ्यांत विचारतो. ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही रीत आहे : पहिल्या पायरीत उत्तर निवडायचं, दुसऱ्या पायरीत त्याचं कारण. ‘कोणत्या पद्धतीची ॲटम इकॉनॉमी जास्त?’ ही पहिली पायरी. ‘तुमच्या कॉलेजच्या लॅबसाठी तुम्ही कोणती पद्धत निवडाल आणि का?’ ही दुसरी. पहिल्या पायरीत बहुतेक पास होतात. दुसरी मी तीन गुणांत तपासतो. ‘ती ग्रीन आहे म्हणून’ एवढंच लिहिलं तर शून्य. एखादं तत्त्व नेमकं लावलं तर एक. दोन तत्त्वं एकमेकांशी तोलून पाहिली तर दोन. आणि ‘हे ठरवायला मला अजून अमुक माहिती हवी’ असं लिहिलं, म्हणजे हूड चालतो का, एका बॅचला किती ग्रॅम लागतं, उरलेलं द्रावण कोण नेतं, तर तीन. कोणती पद्धत निवडली याला गुणच नाहीत. एका मुलीनं ब्रोमीनची पद्धत निवडून तीन गुण मिळवले होते, इतकी तिची मांडणी चोख होती.

वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी असाच प्रश्न वेगळ्या अभिक्रियेवर द्या. ॲसिटॅनिलाइड बनवण्याचं उदाहरण जोडीला चांगलं जातं. ॲसेटिक ॲनहायड्राइडनं ॲटम इकॉनॉमी ६९ टक्के, साध्या ॲसेटिक ॲसिडनं ८८. पण दुसऱ्यात बराच वेळ तापवावं लागतं. वीज आणि वेळ तागडीत टाकल्यावर मुलं काय म्हणतात ते बघा.

उत्तर : प्रयोगशाळा परिचर, हिंगोली

मॅडम, मी प्राध्यापक नाही. बावीस वर्षं झाली लॅबमध्ये. प्रात्यक्षिक संपल्यावर तुम्ही स्टाफरूमला जाता, मागं बेसिन मीच धुतो. तर मला दिसतं ते लिहायलो.

जिकडं तिकडं ग्रीन ग्रीन चालू झाल्यापासून लेकरं उलट बिनधास्त ओतायलीत. पहिले ब्रोमीनला भ्यायची, विचारायची, ‘मामा, हे कुठं टाकू?’ आता म्हणतात हे ग्रीन आहे, याला काय होतंय. तुमच्या त्या पोरानं पण हेच केलं असंल. त्याला शिव्या देऊ नका. त्याला ग्रीन म्हणजे निरुपद्रवी असंच कळलंय.

आमच्या मॅडमनं म्हणलं म्हणून मी एक काम केलं. तीन कॅन ठेवले, चिठ्ठ्या मराठीत लावल्या. दर बॅच झाली की कॅन काट्यावर ठेवायचा आणि आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. कुणाचं नाव नाही, फक्त बॅच. पहिल्या आठवड्यात कॅन जवळजवळ रिकामे, म्हणजे सगळं बेसिनमध्ये गेलं. नंतर कॅन भरायला लागले. मंग आणखी पुढं पुन्हा हलके झाले, पण ह्या वेळेस बेसिन पण कोरडं. लेकरं मोजूनच कमी घ्यायलीत. हा फरक कोणत्या कागदावर कळला असता? मी बेसिनपाशी हुबा आहे म्हणून कळला.

आणि कंडेन्सरचं पाणी मोजाच, वाफ थंड करायला काचनळीभोवती जे सारखं वाहतं ते. एक लिटरचं मग धरा नळीखाली आणि मोबाइलवर सेकंद बघा.

उत्तर : औषध कंपनीत नोकरी, वाळूज, छत्रपती संभाजीनगर

थोडक्यात लिहितो. वर सांगितलेलं वजन मोजणं चांगलंच आहे, पण एक धोका आहे. विद्यार्थी जे करतो ते निम्मं सोयीवर अवलंबून असतं. कॅनच नसेल तर तो बेसिनमध्येच ओतणार, त्यावरून त्याची वृत्ती काढू नका. आधी सोय करून द्या, मग बघा.

आमच्याकडं नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना बारा तत्त्वं विचारत नाही. प्लांटमधून एक फेरी मारतो आणि गप्प राहतो. ‘सर, ही मदर लिकर (स्फटिक गाळून उरलेलं द्रव) पुढं कुठं जाते?’ असं ज्यानं आपणहून विचारलं, तो मला हवा असतो. तुमच्या तोंडी परीक्षेत एकदा उलटं करा. विद्यार्थ्यालाच प्रयोगाबद्दल तीन प्रश्न विचारायला सांगा आणि ते प्रश्न लिहून घ्या.

पुन्हा प्रश्नकर्ती, परभणी जिल्हा (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. जमेल तेवढं करून पाहिलं, ते सांगते.

हिंगोलीच्या मामांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. त्या मुलाला मी वेगळं बोलावून, न रागावता विचारलं. म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच सांगितलं ना हे ग्रीन आहे?’ चूक माझ्या शिकवण्यात होती. ‘हरित’ हा शब्द मी शिक्क्यासारखा वापरला होता. कशापेक्षा हरित आणि कोणत्या बाबतीत, हे मी एकदाही म्हटलं नव्हतं.

मग १६ टक्क्यांचा हिशोब फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घेतला. वर्गात एवढी शांतता मी क्वचित अनुभवली आहे. एकानं विचारलं, ‘मग पुस्तिका चुकली का?’ पुढचा अख्खा तास त्यावर गेला आणि तो माझ्या या वर्षातला सगळ्यात चांगला तास होता.

दोन पायऱ्यांचा प्रश्न दिला. तीन गुणांची उत्तरं थोडीच आली, पण शून्यवाल्या उत्तरांतूनच मला जास्त कळलं. शिवाय एक प्रश्न आपल्याकडचा केला : उसाच्या मळीपासून इथेनॉल, कोणतं तत्त्व पाळलं जातं आणि कोणता प्रश्न उभा राहतो? कच्चा माल पुन्हा उगवणारा, म्हणून सातवं तत्त्व, हे सगळ्यांनी लिहिलं. मात्र एका मुलानं पुढं लिहिलं की आमच्या शेजारच्यानं उसासाठी तिसरं बोअर घेतलं आणि आमची विहीर मार्चमध्येच आटली, हे कोणत्या तत्त्वात बसवायचं ते मला कळत नाही. मी त्याला पूर्ण गुण दिले. तपासताना बराच वेळ तो पेपर हातातच होता.

नवीन प्रश्नावली बारा विधानांची, मराठीत, सांकेतिक खुणेनं, वनस्पतीशास्त्राच्या सरांनी भरून घेतली. आता खुणा पाचही रकान्यांत पसरल्या आहेत. ‘उत्पादन कमी मिळालं तरी चालेल’ या विधानाला बरेच जण नाही म्हणाले, आणि बरोबरच आहे. जर्नल तपासताना मी आजवर टक्केवारीलाच गुण देत आले. आता उरलेल्या द्रवाची नोंद आणि मोजून घेतलेल्या पाण्याचा आकडा यांनाही जर्नलमध्ये जागा केली आहे. पाच आठवड्यांत वृत्ती बदलली असं मी म्हणणार नाही. सत्राअखेरीला हाच कागद पुन्हा देईन.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. इथाइल बेंझोएटच्या जलापघटनाला आम्ही ४५ मिनिटं रिफ्लक्स करतो, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळतो. नळीखाली लिटरचा मग धरून मोजलं : एक लिटर भरायला ४० सेकंद. म्हणजे मिनिटाला दीड लिटर, एका कंडेन्सरला साडेसदुसष्ट लिटर, आठ टेबलांचं मिळून ५४० लिटर. हाती येतं ते काही ग्रॅम बेंझॉइक ॲसिड. आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी रडवेली झाली. तिच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, हंडे तीच भरते. घरी भांडी धुतलेलं पाणी ती झाडाला घालते. आणि लॅबमध्ये तिनंच नळ पूर्ण सोडला होता. मी विचारलं, ‘तेव्हा मनात काय होतं ग?’ म्हणाली, ‘मॅडम, ते पाणी प्रयोगाचं आहे असं वाटायचं. आपलं पाणी आहे असं वाटलंच नाही.’

वृत्ती तर तिच्याकडं माझ्यापेक्षा जास्त होती. ती लॅबच्या दाराबाहेर ठेवून यायची सवय आम्ही लावली होती. कोणत्याही प्रश्नावलीत मला हे सापडलं नसतं. त्यामुळं आता दर बॅचमधल्या दोघा-तिघांशी दहा मिनिटं नुसतं बोलायचं ठरवलंय, वही न उघडता, आणि ती गेल्यावर त्यांचे शब्द तसेच्या तसे टिपून ठेवायचे.

मामा, एक विचारायचं आहे. कूलरच्या पंपानं बादलीतलंच पाणी कंडेन्सरमधून फिरवता येईल का? तुमच्याकडं कुणी केलंय?

प्रयोगशाळा परिचर, हिंगोली

होतंय मॅडम, आम्ही दोन वर्षं झाली करायलो. चाळीस लिटरचा टब घ्या, बादली लवकर गरम होते. एका पंपावर दोनच कंडेन्सर लावा, जास्त लावले की पाणी वर चढत नाही. पंप पुरा बुडालेला पाहिजे, कोरडा चालला की जळतो. नळ्यांना तार आवळा आणि वायरीचा जोड टेबलाच्या वर ठेवा, खाली पाण्याजवळ नको. उन्हाळ्यात टबाला ओलं पोतं गुंडाळा. प्रात्यक्षिक झालं की ते पाणी फेकू नका, आमच्या इथं लेकरंच नेऊन गेटजवळच्या लिंबाला घालतात.